काकांच्या ब्लूज रेकॉर्डी: कोल्हापुरातून विकायच्या म्हटलं तर?

कळंबा_नाका
मंडळी, सल्ला हवा आहे. आमचे धाकटे काका मर्चंट नेव्हीत होते. साठ-सत्तरच्या दशकात बोटीवरून सुट्टीला येताना बाकीचे लोक घड्याळं आणि सेंटच्या बाटल्या आणायचे, हे रेकॉर्डी आणायचे. त्याही अमेरिकेतल्या काळ्या गवयांच्या. ब्लूज. आजी म्हणायची, ‘हा कुणाची रडगाणी ऐकत बसतो देव जाणे.’ काका गेले. मंगळवार पेठेतलं घर आता बिल्डरला दिलंय आणि माळ्यावरचे खोके दिवाळीच्या आत हलवायचे आहेत. काकू म्हणाल्या, तुला त्यातलं कळतं, तूच बघ काय ते. ऐकायला मला आवडतं हे खरं, पण विकण्यातलं ओ की ठो कळत नाही.

शंभर-सव्वाशे एलपी आहेत. बहुतेक ब्लूज, थोडं जॅझ. शिवाय पत्र्याची एक पेटी भरून जाडजूड जुन्या तबकड्या, चावीच्या फोनोवर वाजायच्या त्या. त्या आजोबांच्या असाव्यात. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. मुंबईच्या एकानं फोटो बघून सगळ्याची मिळून ठोक रक्कम सांगितली. ऐकून बरं वाटलं, मग शंका आली. काय करू?

दूधकट्टा_गंगावेस
भावा, वजनावर देऊ नकोस एवढंच मला कळतंय. पण ब्लूज म्हंजे काय ते आधी कुणीतरी सांगा. आम्ही भजनी मंडळातली माणसं.

शेलॅक
दूधकट्टा, तुम्हाला तर पटकन कळेल. मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांमधून आलेलं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. बुवांनी ओळ टाकली की टाळकरी ती उचलतात ना, तसं इथं गायकाची ओळ संपली की त्याचीच गिटार उत्तर देते. रडगाणं म्हणाल तर आहे, पण त्यात चावटपणाही भरपूर आहे. आजींना इंग्रजी येत नव्हतं हे काकांचं नशीब.

आता मुद्द्याचं. कळंबा_नाका, रेकॉर्ड जुनी आहे म्हणून महाग असते हा समज आधी बाजूला ठेवा. ब्लूजमध्ये पैसा आहे तो मुख्यतः मूळ ७८च्या तबकड्यांत, म्हणजे एलपीच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. १९२०मध्ये मॅमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ ओके कंपनीनं काढलं, ते तुफान खपलं आणि मग सगळ्या कंपन्या काळ्या गिऱ्हाइकासाठी वेगळ्या मालिका काढायला लागल्या. त्यातली पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची कंपनी. ते फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायचे आणि कपाट खपावं म्हणून रेकॉर्डी काढायचे! माल हलका, आवाज खरखरीत, पण ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स ही माणसं त्यांच्याकडं गायली. मग मंदी आली, खप आटला, कंपनी बसली. ज्या थोड्या तबकड्या विकल्या गेल्या त्या गरिबाघरी झिजेपर्यंत वाजल्या. म्हणून आज त्यातल्या काहींच्या जगात एक-दोनच प्रती शिल्लक आहेत. टॉमी जॉन्सनची अशीच एक पॅरामाउंट तबकडी २०१३मध्ये ३७,१०० डॉलरला गेली.

तुमच्या काकांनी साठ-सत्तरमध्ये आणलेल्या एलपी म्हणजे बहुधा त्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे नंतर काढलेले संग्रह, नाहीतर त्या काळातल्या शिकागो ब्लूजच्या. त्यांना गिऱ्हाईक आहे, चांगलं आहे, पण प्रत्येक रेकॉर्डचा भाव वेगळा. एकच अल्बम, पहिल्या छपाईची प्रत आणि दहा वर्षांनंतरची प्रत यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मुंबईवाल्यानं ठोक रक्कम सांगितली यात त्याची लबाडीच आहे असं मी म्हणत नाही, व्यापारी माणूस नव्वद सामान्य रेकॉर्डी घेण्याचा त्रास त्यात धरतो. पण त्यानं फोटोत दोन-तीन ओळखलेल्या असणार आणि बाकीचा भाव त्यांच्यावरच निघत असणार. आधी यादी करा. लेबलचा रंग, कंपनीचं नाव, क्रमांक, आणि लेबलाच्या कडेला जी गुळगुळीत मोकळी पट्टी असते तिच्यात कोरलेली अक्षरं आणि आकडे. तिरप्या उजेडात धरलं की दिसतात. ते लिहिल्याशिवाय बोलू नका.

हिशेबी_माणूस
शेलॅक यांना पूर्ण अनुमोदन. एक भर. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर प्रत्येक छपाईचं स्वतंत्र पान असतं. तिथं लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला कुणाच्या बापाचं काय जातं. खाली आधी झालेल्या विक्रीचे आकडे असतात, कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त. मधला धरा. तोसुद्धा युरोप-अमेरिकेतल्या ठणठणीत प्रतींचा असतो. आपल्या माळ्यावरच्या रेकॉर्डीला तो भाव मिळेल असं गृहीत धरू नका.

कळंबा_नाका
धन्यवाद! शनिवार त्यातच गेला. सगळं लिहून होत नाही, पण ज्यांच्याबद्दल उत्सुकता आहे त्या सांगतो.

रॉबर्ट जॉन्सन, ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’, कोलंबिया, सीएल १६५४. ही माझी आवडती. नेटवर हिचे भाव बघून हातपाय गार पडले. लेबल लाल आहे आणि कडेनं पिवळसर अक्षरांत कोलंबिया कोलंबिया असं गोल लिहिलंय.
मडी वॉटर्सची एक, लेबल पाय इंटरनॅशनल.
बी. बी. किंग, ‘लाइव्ह ॲट द रीगल’, एबीसी.
याझू नावाच्या कंपनीच्या सात-आठ, सगळ्या एकदम कोऱ्यासारख्या.
हाउलिन वुल्फची एक, कव्हर अर्धं वाळवीनं खाल्लंय, आतली रेकॉर्ड चकचकीत.

शेलॅक
एकेक घेऊ.

रॉबर्ट जॉन्सनचा अल्बम १९६१चा. त्यानं गायलेली एकूण गाणी २९, सॅन अँटोनिओ आणि डॅलस इथं १९३६ आणि ३७मध्ये मुद्रित केलेली. १९३८मध्ये माणूस गेला, वय अवघं सत्तावीस. तेव्हा फार थोड्यांनी ऐकला. या एलपीनं तो जगाला कळला, कीथ रिचर्ड्स आणि एरिक क्लॅप्टन यांच्या पिढीनं तो इथंच ऐकला. पहिल्या छपाईच्या लेबलावर दोन्ही बाजूंना मिळून डोळ्यासारख्या सहा खुणा असतात. साठच्या दशकाच्या मधल्या प्रतींवर दोनच डोळे. तुम्ही म्हणताय ते कडेनं कोलंबिया लिहिलेलं लाल लेबल सत्तरच्या दशकातलं. क्रमांक तोच असला तरी छपाई नंतरची. नेटवर बघितलेले भाव सहा डोळ्यांचे असणार. तेव्हा हातपाय गरम करून घ्या आणि रेकॉर्ड ऐका. मी तुमच्या जागी असतो तर ही विकली नसती, त्या किमतीत परत अशी मिळत नाही.

पाय इंटरनॅशनल ही इंग्लंडची कंपनी. शिकागोच्या चेसचा माल तिकडं साठच्या दशकात ती काढायची. चेस म्हणजे पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या लिओनार्ड आणि फिल या दोन भावांची कंपनी. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी सगळे तिथले. काकांनी ही लिव्हरपूल किंवा लंडनला घेतली असणार. चांगली असेल तर हिला नक्की मागणी आहे. क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका.

रीगलची एबीसी-पॅरामाउंट छपाई १९६५ची. तुम्ही नुसतं एबीसी लिहिलंय. लेबल काळं आहे की रंगीबेरंगी? त्यावर ठरेल. (ही पॅरामाउंट वेगळी, खुर्च्यांची नव्हे.)

याझू ही जुन्या ७८च्या ब्लूजचे संग्रह काढणारी कंपनी, आणि तोच माझ्या मते तुमचा खरा माल आहे. किंमत आकाशाला भिडणार नाही, पण निवड आणि कव्हरं अशी की घेणारा यादी बघून हो म्हणतो. एकत्र विका.

वुल्फच्या वाळवीबद्दल. ते कव्हर आजच्या आज बाकीच्यांपासून दूर करा. रेकॉर्ड साध्या कागदी पाकिटात घाला. वाळवी विनाइल खात नाही, पण कागदावरून कागदावर जायला तिला किती वेळ लागतो ते आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात विचारा.

शाहूपुरी_कुंभारगल्ली
वाळवीचं सोडा, आम्ही पाणी बघितलंय. २०१९ला जयंती नाल्याचं पाणी घरात आलं आणि खालच्या कप्प्यातल्या सगळ्या एलपी भिजल्या. २०२१ला परत. तेव्हापासून रेकॉर्डी वरच्या मजल्यावर.

पुढंमागं कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहितो. भिजलेली रेकॉर्ड कव्हरात वाळू द्यायची नाही. कव्हर वाळताना आत चिकटतं आणि मग दोन्ही जातं. ओली असतानाच बाहेर काढायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, लेबल शक्यतो कोरडं ठेवायचं, शेवटी बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवायचा आणि सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात ठेवली की वाकली. गाळातले बारीक कण घासले तर ते खाचा खरवडतात, म्हणून आधी नुसतं पाणी, पुसणं नंतर. माझी कव्हरं गेली, रेकॉर्डी वाजतात. विकायला गेलो तर किंमत निम्म्याच्या खाली, पण मला विकायच्याच नाहीत.

शेलॅक
उत्तम माहिती. फक्त एक सावधगिरी, ही पद्धत विनाइलची. पेटीतल्या जुन्या जाड तबकड्यांना कुणी स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

मिरज_जंक्शन
मी या धाग्यावर पेटीसाठीच थांबलो होतो! कळंबा_नाका, त्या पेटीत काय आहे ते कुणी विचारलंच नाही. ब्लूज ब्लूज करताय, पण कदाचित खरी चीज तिथं आहे.

आणि दोन्हींचा संबंध तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा आहे. पॅरामाउंट काय, ओके काय, सगळ्यांच्या ७८च्या तबकड्या ज्या लाखेच्या बनायच्या ती मुख्यतः आपल्याकडून जायची, छोटा नागपूरच्या पट्ट्यातून. पळस-कुसुंबाच्या फांदीवरचा तो किडा नसता तर चार्ली पॅटन कशावर वाजला असता? दुसऱ्या महायुद्धात १९४२मध्ये अमेरिकेनं लाखेवर निर्बंध घातले, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून, फोडून नव्यांत मिसळल्या गेल्या. त्यात किती ब्लूज चुरा झाला कुणी मोजलं नाही.

दुसरा संबंध आपल्या गावाचा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक. त्यांची स्वतःची तबकडी नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७मध्ये अमेरिकेनं अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या होत्या. त्याच सोनेरी तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन आहे, १९२७चं त्याचं गाणं, ज्यात शब्द जवळजवळ नाहीतच, नुसतं गुणगुणणं आणि गिटारच्या तारेवरून घसरणारी पट्टी. चेसचा चक बेरीही आहे. म्हणजे काकांचे खोके आणि आजोबांची पेटी दोन्ही एकाच यानात बसून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलीत, आणि इथं आपण भंगारवाल्याशी घासाघीस करतोय.

पेटी उघडा. केसरबाई, मोगूबाई, बालगंधर्व, अब्दुल करीम, काय दिसेल ते लिहा.

दूधकट्टा_गंगावेस
नादखुळा!! हे माहीतच नव्हतं. आमच्या गल्लीत खाँसाहेबांचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण यानाचं कुणाला नाही.

बुवा_शिवाजीपेठ
हे सगळं वाचून एकच विचारतो. विकायचंच कशाला? अशा गोष्टी एकदा पुण्या-मुंबईच्या नाहीतर परदेशी शौकिनाकडं गेल्या की गावात परत येत नाहीत. आपल्याकडं १८८३पासूनचा देवल क्लब आहे, विद्यापीठ आहे. पेटी तरी तिथं कुठं द्या.

हिशेबी_माणूस
बुवा, भावना कळते. पण दिलेली वस्तू पुढं कुठल्या हालात राहते ते देणाऱ्यानं बघायला हवं. माझ्या मामांच्या रेकॉर्डी एका संस्थेला (नाव घेत नाही, कोल्हापूरची नव्हे) हारतुरे घालून दिल्या होत्या. काही वर्षांनी त्याच तबकड्या पोत्यात आडव्या, एकावर एक रचलेल्या दिसल्या. लाखेची तबकडी आडवी रचली की खालच्यांना तडे जातात. शौकीन माणूस पैसे मोजून घेतो म्हणून जपतो, हे कटू आहे पण खरं आहे.

बुवा_शिवाजीपेठ
पैसे मोजून घेणारा उद्या वर भाव आला की विकूनही टाकतो, हेही तितकंच खरं. त्यावर काय म्हणणं?

मिरज_जंक्शन
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. पेटीतल्या तबकड्यांबद्दल माझं मत असं, कुणालाही द्यायच्या आधी त्यांचा आवाज उतरवून घ्या. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. तिथल्या जाणकारांना यादी पाठवली तर दुर्मीळ काय, सर्रास काय ते कळू शकेल. बालगंधर्वांच्या तबकड्या भरपूर निघाल्या, घरोघर होत्या, त्यांना भाव नाही असं नाही पण दुर्मीळ म्हणता येत नाहीत. एखाद्या विसरलेल्या गायिकेची एकुलती एक तबकडी मात्र खुर्च्यांच्या कंपनीएवढीच मोलाची असू शकते, फक्त तिच्यासाठी ३७ हजार डॉलर मोजणारा अजून जन्मायचाय.

आणि परदेशी पाठवणार असाल तर जपून. ऐतिहासिक महत्त्वाच्या, शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुरावशेष कायद्याचं बंधन आहे. गौहर जान १९०२मध्ये कलकत्त्यात गायल्या, त्या सुरुवातीच्या काळातलं काही निघालं तर आधी विचारून घ्या. साठच्या एलपींना हा प्रश्न नाही.

हिशेबी_माणूस
विक्रीचं व्यावहारिक राहिलं. दर्जा लिहिताना हात आखडता ठेवा. ‘निअर मिंट’ हा शब्द आपल्या हवेतल्या रेकॉर्डीला फारसा लावूच नये. बारीक ओरखडे दिसतात पण ऐकू येत नाहीत अशी असेल तर व्हीजी प्लस (व्हीजी म्हणजे ‘व्हेरी गुड’). गाण्याच्या मागं सतत खरखर असेल तर व्हीजी. सुई अडकते किंवा उडी मारते ते स्पष्ट लिहा. गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा बरी वस्तू मिळाली की तो दुसऱ्यांदा येतो. रेकॉर्ड आणि कव्हर यांचा दर्जा वेगवेगळा लिहायचा.

पाठवताना रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून आतल्या पाकिटासकट कव्हराच्या पाठीमागं ठेवायची, नाहीतर प्रवासात ती कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना आडव्या येतील असा. वरून प्लॅस्टिक. जून ते सप्टेंबर मी काही पाठवतच नाही. आणि पीव्हीसीच्या जाड चकचकीत पिशव्यांत रेकॉर्ड कायमची ठेवू नका, काही वर्षांनी तिच्यावर धुरकट थर येतो आणि तो पुसून जात नाही. पॉलिथिनची साधी पिशवी चांगली.

रंकाळा_संध्याकाळ
मधेच तोंड घालतो. मी घेणारा माणूस. महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल मुंबईत २०११ला सुरू झाला, बडी गाय या ब्लूज गवयाला तिथं ऐकलं आणि वेड लागलं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात आणि भंगाराच्या दुकानांत हिंडून बघितलं, मराठी-हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी मिळतात, ब्लूज औषधालाही नाही. कळंबा_नाका, याझूच्या रेकॉर्डी बाहेर जायच्या आधी मला सांगा. भाव तुम्ही आणि हिशेबी मिळून ठरवा, मी घासाघीस करणार नाही. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

शेलॅक
ही चांगली गोष्ट झाली. बुवा, बघा, गावातच राहतायत.

बुवा_शिवाजीपेठ
एवढ्यानं मी हरलो असं नाही. पण चांगलं झालं.

कळंबा_नाका
सगळ्यांचे आभार. काकूंशी फोनवर बोललो. असं ठरतंय: रॉबर्ट जॉन्सन मी ठेवणार. याझू रंकाळा_संध्याकाळ यांना, बसून भाव ठरवू. पाय इंटरनॅशनल आणि बाकीच्यातल्या निवडक हिशेबी यांच्या मदतीनं एकेक करून विकणार. मुंबईवाल्याला नाही म्हणून कळवलं, तर त्यानं लगेच रक्कम वाढवली! पेटीबद्दल काकू म्हणाल्या, ती सासऱ्यांची आहे, आवाज उतरवून होईपर्यंत कुणाला द्यायची नाही.

पेटी उघडली. एचएमव्हीच्या कुत्र्याच्याच जास्त. बालगंधर्व आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कोलंबियाच्या दोन आहेत, एकीला कडेला टवका. पण अगदी तळाशी एक वेगळीच निघाली. लेबलवर सिरेना इलेक्ट्रो असं काहीतरी, बाकीची अक्षरं रोमनच पण खाली शेपट्या आणि वर टिंबं. जर्मन वाटत नाही.

मिरज_जंक्शन
थांबा, थांबा. सिरेना ही वॉर्साची कंपनी, युद्धाआधीची. पोलिश तबकडी आहे ती! आपल्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. आजोबांचं तिकडं जाणं-येणं होतं का?

कळंबा_नाका
आजोबांचं लक्ष्मीपुरीत सायकलचं दुकान होतं. छावणीतले लोक दुरुस्तीला येत असतील का? काकूंना काही माहीत नाही, आत्याला विचारतो.

रंकाळा_संध्याकाळ
फोटो टाका आधी! गाणं कुठलं, कुणाचं?

शेलॅक
फोटो टाका, पण साध्या रेकॉर्ड प्लेअरवर लावू नका. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासते, आवाजही खराब येतो. आणि चावीच्या फोनोवर तर नकोच, ती लोखंडी पिन एका फेरीत बरंच खरवडते. माझ्याकडं ७८साठीची रुंद, तीन मिलची सुई आहे. रविवारी सकाळी दहाला राजारामपुरीत या, सगळेच या. ती तबकडी दोन पुठ्ठ्यांमध्ये उभी धरून आणा, स्कूटरच्या डिकीत नको.

दूधकट्टा_गंगावेस
मी येतोय. दूध आणि पाव माझ्याकडनं.